दुसरं पिस्तूल डाव्या हाताने निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: परवाना आहे, उजव्या कमरेला शर्टाखाली रोज ग्लॉक १९ असतं, आता जोडीला एखादं छोटं, भरवशाचं हत्यार हवंय. विचारणाऱ्याने तीन नावं काढून ठेवली आहेत: ३८० चं, म्हणजे ९ एमएमपेक्षा आखूड काडतुसाचं, रुगर एलसीपी, ९ एमएमचं सिग पी३६५ आणि स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं ६४२ रिव्हॉल्व्हर. शेवटी एक ओळ: ‘यात सगळ्यात लहान कोणतं, तेवढं सांगा.’

सगळ्यात लहान एलसीपी. पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, तळहातात मावतं. उत्तर झालं. पण प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलाय, म्हणून पुढचं लिहितोय. पंचवीस वर्षं मी हत्यारं दुरुस्त करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं रेंजवर शिकवतोय. फार लहान घेऊन पस्तावलेली माणसं माझ्याकडे सतत येतात. थोडं मोठं घेतलं म्हणून पस्तावलेला क्वचितच कोणी येतो.

दुसरं हत्यार बाहेर कधी निघतं, ते आधी बघा. पहिलं हातात आहे, भरलेलं आहे, चालतंय, तोवर दुसऱ्याला कोणी हात लावत नाही. म्हणजे ते निघतं तेव्हा काहीतरी आधीच बिघडलेलं असतं. पहिलं अडकलंय, रिकामं झालंय, झटापटीत सुटून गेलंय, नाहीतर उजवा हातच कामातून गेलाय: जखमी आहे, कोणी धरून ठेवलाय, किंवा त्याच हाताने आपण समोरच्याला रोखून धरलंय. समोरचा माणूस बहुतेक हातभर अंतरावर असतो आणि मोकळा असतो तो डावा हात. माझं सगळं म्हणणं या एका चित्रावर उभं आहे.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. गोळ्यांच्या ताकदीबद्दल या चकमकीवर ढीगभर लिहिलं गेलंय. मला त्यातला एक वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. गाड्यांच्या धडकेतच एका एजंटचं मुख्य रिव्हॉल्व्हर गेलं. तो पुढे लढला तो जवळच्या दुसऱ्या, पाच गोळ्यांच्या स्मिथ अँड वेसन ३६ वर. ते पुन्हा भरत असताना त्याच्या हाताला गोळी लागली. दुसरं हत्यार का हवं आणि ते किती तोकडं असतं, या दोन्ही गोष्टी त्या एका माणसाच्या बाबतीत काही मिनिटांत घडल्या.

आता तीन नावांकडे येतो, आणि त्यात चौथं मी घालणार आहे.

६४२ हे जुन्या घराण्यातलं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनची ही लहान चौकट १९५० पासून चालत आलीय आणि घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा भाग, आत झाकलेली जात १९५२ ची. ६४२ ची चौकट अॅल्युमिनियमची, वजन चारशे ग्रॅमच्या जरासं वर, नळी दोन इंचांहून थोडी कमी. घोडा बाहेर नसल्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकायला काही उरत नाही. काडतूस फुसकं निघालं तर काही सोडवावं लागत नाही, चाप पुन्हा ओढला की सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं, आणि हे एका हाताने, कुठल्याही हाताने होतं. अंगाला अंग भिडलेलं असताना पिस्तुलाचं तोंड समोरच्यावर दाबलं गेलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, किंचित मागे सरकते आणि पिस्तूल उडतच नाही. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच नाही. कोटाच्या खिशातून न काढता झाडायची पाळी आली, तर झाकल्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर पाची बार काढू शकतं. पिस्तुलातून निघणारी पहिली रिकामी पुंगळी अस्तरात अडकते आणि तिथेच ते थांबतं.

एवढं वाचून लगेच ६४२ घ्यायला निघू नका. त्याचा चाप मूळ अवस्थेत साधारण पाच ते साडेपाच किलोचा असतो. हत्याराचं वजन जेमतेम चारशे ग्रॅम आणि चाप ओढायला त्याच्या बारापट जोर. सगळी मूठ त्या बोटाबरोबर वळते आणि नेम खाली डावीकडे नाहीतर उजवीकडे जातो. उजव्या हाताने हे सरावाने जमतं. डाव्याने जमतं का, ते दुकानात उभं राहून सांगता येत नाही.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी अडकलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर येतं. मागे एकजण आपलं घेऊन आला, म्हणाला, सिलिंडर फिरत नाही, आतून काहीतरी तुटलंय. मी सिलिंडर उघडून पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी वर उचलली. तिच्याखाली न जळलेल्या दारूचे चार-पाच दाणे होते, मोहरीपेक्षा बारीक. तेवढ्यावर चांदणी केसभर वर राहिली होती आणि पुंगळ्यांचे कडे मागच्या पत्र्याला घासत होते. जुन्या दातांच्या ब्रशचे दोन फटके मारले, रिव्हॉल्व्हर चालू. तो रिकाम्या पुंगळ्या नळी खाली धरून काढत होता, त्यामुळे सगळी राख आणि दाणे चांदणीखाली पडत होते. नळी आकाशाकडे करून दांडीवर तळहात मारला की पुंगळ्यांबरोबर तो कचराही खाली पडून जातो. ही सवय पैसे न देता मिळते. पण बघा, दोष एवढासा होता, आणि तो काढायला मात्र दोन्ही हात, उजेड आणि ब्रश लागला. रिव्हॉल्व्हर क्वचित अडकतं, पण अडकलं की त्या प्रसंगापुरतं संपलं. पिस्तूल जास्त वेळा अडकतं आणि सरावलेल्या माणसाकडून दोन सेकंदांत सुटतं, पण त्या दोन सेकंदांत दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हाताने पट्ट्याच्या कडेवर नाहीतर बुटाच्या टाचेवर नेमाचा मागचा खुंट (साइट) अडकवून स्लाइड ओढता येते. मी ते शिकवतो. ज्याला शिकवतो त्यालाही विचारा, झटापटीत जमेल का म्हणून.

लहान पिस्तूल जास्त कुरकुर का करतं, याचं कारण कारागिरीत नाही, मापात आहे. मोठ्या पिस्तुलाची स्लाइड जड असते आणि लांब मागे जाते. तिच्या जाण्यायेण्यात मॅगझिनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला वेळ मिळतो. एलसीपीसारख्या छोट्यात स्लाइड हलकी, प्रवास आखूड, म्हणून वेग जास्त. वरून काडतूस जरा तिरकं बसलं, मॅगझिनचे ओठ किंचित वाकले, मूठ ढिली पडली, की हा सगळा हिशेब चुकतो. मूठ ढिली पडणं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. चौकट हातात घट्ट राहिली तरच स्लाइड तिच्यावर पूर्ण मागे जाते. हातच झटक्याबरोबर मागे गेला तर स्लाइड अर्ध्यातून परत फिरते आणि रिकामी पुंगळी चिमणीसारखी उभी अडकते. माझ्या एका विद्यार्थिनीचं ३८० चं पिस्तूल (कोणत्या कंपनीचं ते सोडा) उजव्या हातात दोनशे काडतुसं बिनतक्रार चाललं. मी म्हटलं, आता फक्त डाव्या हाताने. तिसऱ्याच बाराला पुंगळी उभी. पुन्हा भरलं, पाचव्याला उभी. पिस्तुलात दोष शोधून सापडला नसता. तिचं डावं मनगट तेवढं धरत नव्हतं, आणि ते पिस्तूल तिने घेतलं होतं ते मात्र याच हातासाठी.

पी३६५ या बाबतीत बरंच शहाणं आहे. २०१८ ला आलं तेव्हा एवढ्या मापात १०+१ (मॅगझिनमध्ये दहा, नळीत एक) बसवल्याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. वजन रिकामं पाचशे ग्रॅमच्या आसपास, मूठ धरायला पुरते, गोळी ९ एमएमची. तुमच्याकडे ग्लॉक नसतं तर मी पहिलं पिस्तूल म्हणून त्याचाच विचार करा म्हटलं असतं. दुसरं म्हणून घ्यायला माझी अडचण एवढीच, की त्याची मॅगझिन वेगळी, चापाची चाल वेगळी, आणि पँटच्या खिशाला ते तसं जाडच.

मग चौथं नाव: ग्लॉक २६. लोक ते जुनं, ठोकळ्यासारखं म्हणून बाजूला सारतात आणि आहेही तसंच. पण त्यात तुमच्या ग्लॉक १९ ची मॅगझिन बसते, खाली थोडी बाहेर लोंबते इतकंच. पहिलं पिस्तूल गेलं तरी पट्ट्यावरची १५ गोळ्यांची मॅगझिन वाया जात नाही. उलट मात्र नाही हो, २६ ची आखूड मॅगझिन १९ मध्ये पुरी चढत नाही. चाप तोच, मुठीचा कोन तोच (मूठ तेवढी आखूड), साइट त्याच. घाबरलेल्या बोटाला नवीन काही शिकवायला लागत नाही. रिकामं सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे पँटच्या खिशाचं हे काम नव्हे. डाव्या कमरेला किंवा जाड जाकिटाच्या डाव्या खिशात, होल्स्टरमध्ये.

वजनाबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो, कारण कॅटलॉग वाचून माणसं इथेच फसतात. जितकं हलकं तितकं बाळगायला सोपं, हे खरं. पण हलकेपणाची किंमत बार काढताना मोजावी लागते. स्कँडियम मिश्रधातूची ३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाची छोटी रिव्हॉल्व्हरं आहेत, सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमची. असल्याच एकाने एका धडधाकट माणसाने रेंजवर पाच बार काढले, हत्यार टेबलावर ठेवलं, अंगठ्याच्या बेचक्याकडे बघितलं आणि त्या दिवशी पुन्हा उचललं नाही. ज्याचा सराव करवत नाही ते हत्यार सहा महिन्यांत परकं होतं. शिवाय इतक्या हलक्या चौकटीत झटक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर अडला. हलकं रिव्हॉल्व्हर असेल तर चार बार काढा, पाचवं काडतूस बाहेर काढून न उडवलेल्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबी वाढलेली दिसली तर ते काडतूस त्या हत्यारासाठी नाही.

गोळीबद्दल थोडक्यात. मायामीनंतर एफबीआयने मोजमाप ठरवलं ते असं: अंगाच्या जागी धरलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. आखूड नळीतून वेग कमी मिळतो, आणि पोकळ टोकाची गोळी फुलायला वेग लागतो. ३८० मध्ये त्यामुळे नेहमी ओढाताण असते, गोळी फुलली तर कमी शिरते आणि खोल शिरली तर फुललेली नसते. ३८ स्पेशलला, म्हणजे ६४२ च्या काडतुसाला, दोन इंची नळीसाठी खास बनवलेली काडतुसं मिळतात, स्पीअर कंपनीचं १३५ ग्रेन वजनाच्या गोळीचं गोल्ड डॉट त्यातलं जुनं नाव. झटका सोसत नसेल तर १४८ ग्रेनचं सपाट तोंडाचं वॅडकटर घ्या, ते फुलत नाही पण सरळ आणि खोल जातं, आणि हाताला हलकं. त्याचा एकच त्रास, सपाट तोंडामुळे घाईत भरताना ते भोकाच्या काठावर अडतं. म्हणून मी सिलिंडरमध्ये वॅडकटर ठेवतो आणि खिशातल्या जादा काडतुसांच्या पट्टीत निमुळत्या तोंडाची. ३२ एसीपी या पिस्तुलाच्या आणखी छोट्या काडतुसाच्या नादी लागलात तर पोकळ टोकाची आखूड काडतुसं मॅगझिनमध्ये मागेपुढे हलून एकाचा कडा दुसऱ्याच्या कड्यामागे अडकतो, तेव्हा साधी गोल टोकाचीच वापरा. २२ च्या खाली जाऊ नका, आणि २२ घेतलंत तर रिव्हॉल्व्हरच घ्या, कारण रिमफायरची, म्हणजे कडेवर ठोका बसून उडणारी, काडतुसं फुसकी निघण्याचं प्रमाण मुळातच जास्त.

आता ठेवायचं कुठे. डाव्या हाताला पोचेल तिथे, हे आता सांगायला नको. उजव्या घोट्याला बांधून फिरणारे भेटतात. त्यांना मी जमिनीवर पाठीवर झोपवतो आणि म्हणतो, काढा आता डाव्याने. डाव्या पायाच्या आतल्या बाजूला बांधलं तर गाडीत बसल्यावर ते फार सोयीचं, सीटबेल्टच्या आड येत नाही. पण पळताना ते जाणवतं आणि रस्त्याची सगळी धूळ त्यात जाते. डावा पुढचा खिसा मला सगळ्यात आवडतो. हात खिशात घालून उभं राहणं कोणालाच वावगं दिसत नाही, आणि मूठ आधीच धरलेली असते. अट एकच, खिशात होल्स्टर हवं, चापाचं कडं पुरतं झाकणारं, आणि हत्यार काढताना खिशातच राहणारं. त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, नाणं नको, रुमालही नको.

खिसा स्वच्छ असतो असं वाटत असेल तर माझाच अनुभव ऐका. एका पावसाळ्यात मी दोन महिने माझं खिशातलं पिस्तूल उघडलं नाही. उघडलं तेव्हा नळीच्या तोंडाशी कापसाचा करडा बोळा होता, घोड्यापुढच्या फटीत धागे गुंडाळलेले, आणि वरून दिलेल्या तेलात तो सगळा भुसा कालवून त्याचा लगदा झाला होता. मी दुसऱ्यांना साफसफाई शिकवणारा माणूस! तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडतो, आणि तेल इतकं कमी देतो की बोटाला लागू नये.

नवं घेतल्यावर भरवसा कसा ठरवायचा? माझा हिशेब असा: साधी २०० काडतुसं, मग जी बाळगणार ती ५०, आणि या अडीचशेतली निदान ४० फक्त डाव्या हाताने. प्रत्येक मॅगझिनवर आकडा लिहा, म्हणजे अडकलं तर दोष पिस्तुलाचा की त्या एका मॅगझिनचा ते कळतं. शेवटच्या शंभरात एकदा जरी अडकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नव्याने बाजारात आलेलं मॉडेल असेल तर वर्षभर थांबा. रुगर एलसीपी २००८ ला आलं आणि त्याच वर्षी कंपनीने ते परत मागवलं, कारण पडल्यावर बार उडण्याची शक्यता होती. कंपनीने ते दुरुस्त केलं आणि पिस्तूल पुढे चांगलं खपलं. पण पहिल्या महिन्यात घेऊन खिशात घातलेल्यांच्या पंक्तीत आपण कशाला बसायचं?

आणि चाप हलका करून घेऊ नका. जड चापाला कंटाळून माणसं घोड्याची स्प्रिंग बदलतात. असं एक रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आलं, त्याबरोबर न उडालेली तीन काडतुसं. भिंगाखाली धरली तर प्रायमरवर, म्हणजे तळाच्या ठिणगी देणाऱ्या टिकलीवर, खळगा होता, पण नखाने खरवडल्याएवढा. शेजारी चांगल्या रिव्हॉल्व्हरची पुंगळी ठेवली, तिच्यात डाळीचा दाणा बसेल एवढा खोल. जुनी स्प्रिंग मालकाने टाकून दिली होती. चाप गुळगुळीत करून घ्यायचा असेल तर रिकाम्या पुंगळ्या किंवा डमी (बिनदारूची खोटी काडतुसं) घालून रोज पन्नास वेळा ओढा. दोन-तीन हजार वेळांनंतर पृष्ठभाग आपोआप घासून जुळतात आणि बोटही तयार होतं.

पिस्तूल असेल तर अजून एक. रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, चढवलं की गोळी हळूहळू पुंगळीत आत दबते, आणि दाब वाढतो. ते काडतूस दर वेळी बदला, आणि दबलेलं दिसलं तर उडवू नका, वेगळं काढा.

दोन हत्यारं म्हणजे घरी आल्यावर कुलपात जाणारी दोन. पहिलं सगळे आठवणीने ठेवतात. दुसरं खुंटीवर टांगलेल्या कोटात राहतं, आणि कोटाच्या खिशात चॉकलेट असतं हे लहान मुलांना पक्कं ठाऊक असतं. मी दाराशी आल्याबरोबर आधी दुसरं काढतो, मग पहिलं. परवान्यावर दुसऱ्याची वेगळी नोंद लागते का, तेही घ्यायच्या आधी बघून घ्या.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निवड ६४२ आणि ग्लॉक २६ यांच्यात आहे, एलसीपी बाजूला ठेवा. रेंजवर भाड्याने किंवा ओळखीच्याचं ६४२ मिळवा. दोनदा तपासून रिकामं असल्याची खात्री करा, डमी भरा, उजवा हात पट्ट्यात खोचा, तीन मीटरवर तळहाताएवढा कागद लावा आणि डाव्या हाताने सलग दहा वेळा चाप ओढा. दहाव्यापर्यंत पुढचा साइट कागदावरून ढळला नाही, तर खरी पाच काडतुसं भरून तेच करा, आणि मग डावा खिसा शिंप्याकडून खोल करून घ्या. सहाव्या-सातव्याला बोट थरथरायला लागलं किंवा दुसरं बोट मदतीला घ्यावंसं वाटलं, तर ग्लॉक २६ आणि डाव्या कमरेचं होल्स्टर. कितव्याला थांबलात तो आकडा कळवा, होल्स्टर कसं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.